खेकड्यांची बदली

चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि चार दिवस व्हायच्या आत तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी गुन्हेगार हुडकून काढला : धरण पोखरणारे खेकडे! गळतीच्या तक्रारी करून थकलेल्या गावकऱ्यांना बिचाऱ्यांना हे सुचलंच नव्हतं. पुढे विरोधी पक्षाचे कार्यकर्ते खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले, ‘यांना अटक करा’ म्हणून. आरोपींना जामीन मिळाला की त्यांचा रस्सा झाला, हे अद्याप जाहीर झालेलं नाही.

आता तलासरीचं बघा. दापचरीजवळ कुर्झे धरण आहे, मातीचं. मुंबईतल्या म्हशी इथे आणायच्या म्हणून आदिवासींच्या जमिनी घेऊन दुग्धप्रकल्प उभारला, त्याला पाणी हवं म्हणून हे धरण. प्रकल्पाने कधीच अंग टाकलं, गोठे ओस पडले. धरण मात्र अजून ड्यूटीवर आहे. त्याला ना निवृत्ती, ना पेन्शन.

त्यात नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची जमीन हलू लागली. धुंदलवाडीच्या आसपास लोक थंडीत अंगणात झोपले, मग तंबू आले. फेब्रुवारी २०१९ मध्ये ४.१ चा धक्का बसला. विटांच्या घरांना तडे गेले. कारवीच्या कुडाला काय तडा जाणार? हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने भूकंपमापक बसवले. म्हणजे धक्क्यांची नोंद तरी चोख होते.

कुर्झे धरणाला भेग पडलीय, असं आमचं म्हणणं नाही. असलं बोलायला अधिकार लागतो. पण उद्या काही झालंच, तर दोष कोणावर टाकायचा, ही सोय आधीच व्हायला हवी. कोयनेला १९६७ च्या भूकंपात तडे गेले, तेव्हाच्या लोकांनी ते बुजवले आणि धरणाला पाठीमागून टेकू देऊन मजबूत केलं. फारच मागासलेला काळ होता तो. धरण सुरक्षा कायदा, २०२१ सुद्धा त्याच वळणाचा : पावसाळ्याआधी तपासा, पावसाळ्यानंतर तपासा. अख्ख्या कायद्यात खेकड्याचं नाव नाही!

कुर्झ्याला भूकंप आयताच मिळालाय, असं साहेब लोक म्हणतील. पण भूकंपाची वेळ यंत्रात उमटते, रिश्टरही उमटतो. धरणाला काही झालं त्या रात्री धक्काच बसला नसेल तर? खेकड्याची अशी नोंद कुठेच होत नाही, म्हणून आरोपी म्हणून तोच बरा.

अडचण एकच. पहिला पाऊस पडला की इथली पोरंटोरं रात्री बॅटऱ्या घेऊन ओहोळात उतरतात, दगड उचलतात, नांग्या चुकवत खेकडा पाठीवरून धरतात आणि थेट टोपलीत. घरी पाट्यावर मिरची-लसूण वाटून तयारच असते. तलासरीच्या खेकड्याला धरण पोखरायला सवडच मिळत नाही. तेव्हा पाटबंधारे खात्याने मेअखेरीस चिपळूणहून पाच-सहा अनुभवी खेकडे प्रतिनियुक्तीवर मागवावेत आणि विश्रामगृहाच्या हौदात ठेवावेत. खानसाम्याला मात्र लेखी ताकीद द्यावी.