ताशी आठ किलोमीटरची ऐट

हल्ली पैसेवाल्यांना सावकाश जायचं असतं, आणि त्यासाठी त्यांची चाललेली धावपळ बघावी! दक्षिण फ्रान्समधला कॅनाल द्यु मिदी १६८१ मध्ये खुला झाला तो व्यापाराचा माल झटपट पोहोचावा म्हणून. आता त्याच २४० किलोमीटर पाण्यावर ताशी आठ किलोमीटरची मर्यादा पाळत पर्यटक बोटी हाकतात, आणि काठावरचा सायकलवाला घंटी वाजवत पुढे निघून जातो. दुपारी पाणदरवाजे बंद, कारण माणसं जेवायला गेलेली. आपल्याकडे अशा वेळी तक्रारवही मागवतात. तिथे याला जीवनशैली म्हणतात आणि तिचे वेगळे पैसे मोजतात.

वाटेत कास्तेलनोदारी लागतं, कासुलेचं माहेरघर. रात्रभर भिजवलेला पांढरा घेवडा, बदकाची तंगडी, डुकराचं मांस, सॉसेज, सगळं मातीच्या पसरट भांड्यात तासन्‌तास मंद भट्टीत. वर साय धरल्यासारखा खरपूस पापुद्रा येतो, तो पुन्हापुन्हा आत दाबायचा. गावकरी अभिमानाने सांगतात, शंभर वर्षांच्या युद्धात इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा हा पदार्थ जन्मला. घेवडा मात्र अमेरिकेतून युरोपात आला तो कोलंबसानंतर, म्हणजे ते युद्ध संपल्यावर. असो, भरल्या पोटी इतिहास कोण तपासतो?

शिवाय तूलूझ आणि कार्कासॉन यांनाही आपलंच कासुले अस्सल वाटतं. तिघांचं भांडण मिटेपर्यंत पाहुण्याची सुट्टी संपते. मग विमान चुकू नये म्हणून तो पळत सुटतो, बगलेत गावच्याच कारखान्यातले कासुलेचे डबे. मायक्रोवेव्हमध्ये काही मिनिटांत तयार.