नेत्रप्रवेश

तीस वर्षे नाकावर ठाण मांडून ज्याने माझ्या मुद्रेवर एखाद्या इनामदाराप्रमाणे वहिवाटीचा हक्क प्रस्थापित केला होता, त्या चष्म्यास बेदखल करून बुबुळावरच भिंग बसवावे, असा ठराव मी मंजूर केला खरा. परंतु माझ्याच पापण्यांनी त्याविरुद्ध दाखल केलेल्या तक्रारीची सुनावणी दुकानातील आरशासमोर पाऊण तास चालली. एका हाताने वरची पापणी उचलावी, दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने खालची ओढावी, आणि तर्जनीच्या टोकावरील ते चौदा मिलिमीटरचे ओलसर, पारदर्शक वर्तुळ डोळ्यास अर्पण करावे, इतकाच विधी. पण परदुःखाकडे आयुष्यभर निर्विकारपणे पाहणारे माझे नेत्र स्वतःचेच बोट समोर येताच लाजाळूच्या पानांसारखे मिटत. “काका, श्वास घ्या,” दुकानातील मुलगी म्हणाली. भिंगाची कड वाटीसारखी उभी असेल तर ते सुलटे, बशीसारखी पसरली तर उलटे, हेही तिनेच शिकविले. माझ्या हाती बहुधा बशीच येई.

१८८८ साली आडोल्फ फिक या जर्मन नेत्रवैद्याने काचेची भिंगे प्रथम सशांच्या डोळ्यांवर बसवून पाहिली. सशांचा अभिप्राय मागविल्याचे ऐकिवात नाही. १९६१ च्या नाताळात चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांनी मुलांच्या जुळवणीच्या खेळण्यातून यंत्र उभारून मऊ भिंगे घडविली, म्हणून माझी गणना निदान सशांत झाली नाही.

अखेर उजवे भिंग बसले. डावे मोरीच्या जाळीतून गेले. चष्म्याची सेवा तूर्त कायम ठेवण्यात आली आहे.