चार वर्षं शिका, मग गप्प बसा

मानसशास्त्रात ऑनर्स करणाऱ्या मुलीची प्रगती सत्रागणिक दिसते. पहिल्या सत्रात पुस्तकातले सगळे विकार तिला स्वतःला झालेले असतात. दुसऱ्यात ते घरच्यांना होतात. तिसऱ्यात एकट्या आत्यालाच तीन निघतात. चौथ्या वर्षी मात्र कुणाबद्दल काही विचारलं तर ती म्हणते, ‘असं लगेच नाही सांगता येत.’ घरच्यांना वाटतं, फी पाण्यात गेली. खरं तर ती इथेच वसूल झालेली असते.

बाकी सगळ्यांना लगेच सांगता येतं. कुलूप दोनदा ओढून पाहिलं की ओसीडी. किल्ली हरवली की एडीएचडी. ब्रेकअप झालं की समोरचा नार्सिसिस्ट. ब्रेकअप आपण केलं तरी तोच. अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये निदान, उपचार आणि डिस्काउंट कोड, तिन्ही उरकतात.

आमच्या ऑनर्सवालीला मात्र हेन्री मोलेसन वाचावा लागतो. अपस्मारावर इलाज म्हणून 1953 मध्ये त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग दोन्ही बाजूंनी काढला, आणि त्याच्या मनात नवी आठवण टिकेनाशी झाली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नरने त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. दिवसागणिक त्याचा हात सफाईदार होत गेला. त्याला मात्र दरवेळी वाटे, हे आपण पहिल्यांदाच करतोय. हे वाचल्यावर ‘आजोबांची स्मरणशक्ती गेली’ हे वाक्य घशातच अडकतं. कुठली गेली? कुठली राहिली? आणि मोजली कुणाच्या तुलनेत? व्ही. व्ही. कामतांनी 1930 च्या दशकात बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवली, ती याच प्रश्नापायी. आपण इंग्रजी प्रश्नावली जागच्या जागी मराठीत वाचून दाखवतो आणि बेरीज करून मोकळे होतो.

या गोंधळात सरकारही मागे नाही. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण मागतो, किंवा एम.ए.वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. 2020 चं शैक्षणिक धोरण म्हणतं, एम.फिल. बंद. मग 2024 च्या जानेवारीत यूजीसी क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला 2025-26 पर्यंत मुदतवाढ देते. दोन सरकारी कागद एकमेकांना ओळखत नाहीत, याला काय म्हणायचं? ऑनर्सवालीला विचारू नका, ती निदान करत नाही.

इकडे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण 2015-16 मध्येच सांगून गेलंय की देशात सुमारे 15 कोटी लोकांना उपचारांची गरज आहे, आणि बहुतेक विकारांत शंभरातल्या 70 ते 92 जणांपर्यंत ते पोचतच नाहीत. तरीही निदान करणाऱ्यांचा तुटवडा नाहीच, ते घरटी एक आहेत. तुटवडा आहे तो ‘आधी तपासते, मग सांगते’ म्हणणाऱ्यांचा. अशी एक घरात तयार होते, तेव्हा काका मायेने विचारतात, ‘यूपीएससीला ऑप्शनल म्हणून तरी चालेल ना गं हे?’