शाश्वत खरेदीचा श्रीगणेशा

शाश्वत खरेदीची पहिली पायरी म्हणजे खरेदी. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण बहुतेक नवशिके इथंच फसतात. त्यांना वाटतं, घरात आहे ते वापरत राहिलं की पृथ्वीवर उपकार झाले. होतही असतील, पण ते चारचौघांत दिसत नाहीत. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात साबुदाणा आणि आइस्क्रीमच्या डब्यात कढीपत्ता ठेवणाऱ्या घराला कुणी जागरूक म्हणत नाही, चिक्कू म्हणतात. तेव्हा मन घट्ट करून हे सगळे डबे भंगारात काढावेत आणि त्यांच्या जागी लाकडी बुचांच्या काचेच्या बरण्या मागवाव्यात. फुटू नयेत म्हणून त्या हवेच्या फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून येतील. ते फुगे एकेक करून फोडत बसावं, मन शांत होतं.

यानंतर पिशवी. महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकबंदी आली आणि पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड ठरला. तेव्हापासून भाजीवाल्याकडे पिशवी मागितली की तो आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे, आणि मग गोणपाटाखाली हात घालतो. अशी चोरटी पिशवी घेणं नैतिक ग्राहकाला शोभत नाही. त्यानं कापडी घ्यावी, तीही सेंद्रिय कापसाची. फक्त एक हिशेब ध्यानात ठेवावा. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं त्याच 2018 मध्ये पिशव्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पर्यावरणावरचे सगळे परिणाम धरले तर साध्या प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी व्हायला सेंद्रिय कापसाची पिशवी 20,000 वेळा वापरावी लागते, असं त्यात निघालं. (समुद्रात जाणारा कचरा त्या हिशेबात नव्हता, हे सांगायला प्लास्टिकवाले विसरतात.) रोज एकदा बाजारात गेलं तरी जवळजवळ 55 वर्षं झाली. म्हणजे आठव्या वर्षी मुंजीत हातात पडलेली पिशवी साठीशांत उरकल्यावर आणखी तीन वर्षं चालवायची आहे.

हेही जमलं असतं, पण तुमच्याकडे पिशवी एक नाही. सराफाच्या पेढीची आहे, आहेरातली आहे, चर्चासत्रातली आहे, साडीच्या दुकानातली आहे, ‘प्लास्टिक टाळा’ छापलेल्या दोन आहेत. त्या सगळ्या दारामागच्या खुंटीला एका मोठ्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेल्या आहेत आणि तुम्ही भाजीच्या गाडीपुढे रिकाम्या हातानं उभे आहात. अशा वेळी भाजीवाल्याच्या डोळ्यांत बघू नये. गोणपाटाकडे बघावं.

कपड्यांच्या बाबतीत मात्र वाचनाची सवय हवी. ‘बांबू’ असं लिहिलेला मऊसूत टी-शर्ट गालाला लावून बघायला हरकत नाही, पण त्यात बांबू शोधू नये. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात आणि त्यातून धागा ओढतात. त्या धाग्याचं खरं नाव रेयॉन. तो ‘बांबू’ म्हणून विकल्याबद्दल अमेरिकेत मोठमोठ्या दुकानदारांनी दंड भरलेत. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘नैसर्गिक’, ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असं मोघम काही छापायचं असेल तर त्याला पुरावा हवा, आणि तो ग्राहकाला बघता आला पाहिजे. म्हणून आता क्यूआर कोड असतो. तो जरूर स्कॅन करावा. उघडेल त्या पानावर एक डोंगर, एक हसरी शेतकरीण आणि पुढच्या खरेदीवर 10 टक्के सूट मिळेल. शेतकरीण हसते आहे, त्याअर्थी कापसाला भाव मिळाला असं समजून पुढे जावं.

हे खूळ परदेशातून आलं, असं कुणी म्हणालं तर त्याला पुण्याचा पत्ता द्यावा. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, 1877 च्या दिल्ली दरबाराला हातकताईच्या सुताचे कपडे घालून गेले होते. 1905 च्या दसऱ्याला पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. दसऱ्याचा मुहूर्त आपण अजून पाळतो, आता त्या दिवशी सेल असतो. खादीवरची सूट मात्र गांधीजयंतीला सुरू होते. सबब 1 ऑक्टोबरपर्यंत तत्त्वाला मुरड घालावी.

हातमागाची परीक्षा पदराच्या पाठीवर होते. पैठणी दाखवली की ती आधी उलटी करावी. हातानं विणलेल्या पदरावरचा मोर मागूनही जवळपास तसाच मोर दिसतो. यंत्रमागाच्या नकलेत मागे धाग्यांचं जंजाळ असतं, कापलेली टोकं बोटांना लागतात, अंगठीत अडकतात. पाठ पुढच्यासारखी निघाली की चष्मा काढून विणकराला विचारावं, किती दिवस लागले हो? तो दिवस सांगणार नाही, महिने सांगेल. यावर ‘बाई बाई!’ म्हणावं. येवल्याचं नाव काढावं, पैठणचं काढावं, ही कला टिकली पाहिजे असं शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणावं. मग पदर खाली ठेवून, सहज विचारल्यासारखं, ‘बरं, पण द्यायचे किती ते नक्की सांगा.’ महिन्यांच्या कामाचा भाव आठवड्यांवर आणायचं हे कसब फक्त प्रदर्शनाच्या मांडवात चालतं. मॉलमध्ये छापील किमतीपुढे तेच गिऱ्हाईक मुकाट्यानं कार्ड काढतं. पिशवीचे वेगळे 20 रुपये लावले तरी काढतं.

अगदी स्वस्त कपड्याचं लेबल फार वेळ वाचू नये. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि 1,100 हून जास्त माणसं मेली. भिंतींना तडे आदल्याच दिवशी दिसले होते. खालच्या बँकेनं आपली माणसं घरी पाठवली. वरच्या मजल्यांवर शिवणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. कॉलरीच्या आत शिवलेल्या चिठ्ठीवर एवढं मावत नाही. तिथं ‘कोमट पाण्यात धुवा’ असतं.

आता एक धोक्याची सूचना. नात्यातलं कुणीतरी ‘आमच्या आजीचं सगळं शाश्वतच होतं’ असं म्हणणारच. तिकडे लक्ष देऊ नये. आजी गोधड्या शिवायची, कारण कापड महाग होतं. बाजारात न चुरगळणारी, झटकली की वाळणारी नायलॉनची साडी आली तेव्हा याच आज्यांनी सुती लुगडी काढून टाकायला फार वेळ घेतला नाही, आणि ती पिळून वाळत घालण्यात ज्यांचे खांदे गेले त्यांना त्याबद्दल बोल लावायचा अधिकार आपल्या वॉशिंग मशीनला नाही.

राहिली जुन्याची विल्हेवाट. नवा विवेक कपाटात ठेवायचा तर जागा लागतेच. पूर्वी या कामाला बोहारीण दारावर यायची. हल्ली सोसायटीच्या फाटकावर ‘फेरीवाल्यांना सक्त मनाई’ अशी पाटी असते आणि त्या पाटीशेजारून दिवसभर खोकी घेतलेले डिलिव्हरीवाले वर जात असतात. तरी जुन्या पेठांत, चाळींत, एखाद्या मावशीकडे ती अजून भेटते. तिला हाक मारावी. डोक्यावरचं भांड्यांचं टोपलं उतरवून ती पायरीवर बसेल आणि कपड्यांचा ढीग पुढ्यात ओढेल. घाई करू नये. ती पँटचा गुडघा उजेडावर धरेल, शर्टाची कॉलर उलटी करून कड चाचपेल, साडी निऱ्यांच्या जागी दोन्ही हातांनी ताणून बघेल. मग विश्वासानं आपला बिनरंगाचा, सेंद्रिय, जाडाभरडा कुर्ता तिच्यासमोर ठेवावा.

‘हा पुसायला घेतला होता का, ताई?’

‘अहो, सेंद्रिय आहे तो. साडेतीन हजारांचा.’

‘असंल. पण ह्याला रंग नाही का काय नाही. बाजारात कोण हात लावणार?’ असं म्हणून ती कुर्ता बाजूला सारेल आणि ढिगाच्या तळातून तुम्ही लाजेकाजेस्तव खाली दडपलेली पॉलिस्टरची साडी ओढून काढेल. मुठीत चुरगाळेल, सोडेल, पुन्हा ताणेल. ‘ही द्या. ही धा वर्षं हलत नाही.’

इथं घासाघीस करायला मुभा आहे. तीही करणार आहे. पातेलं मोठं मागावं, ती मधलं काढेल. झाकण मागावं, ती आणखी एक पँट मागेल. पँट द्यावी. सौदा जुळत आलासा वाटला की हळूच तो कुर्ता पुन्हा पुढे सरकवून बघावा.

‘घेते की,’ ती म्हणेल. ‘पण मग झाकण नाही मिळायचं.’