इन, इंटू आणि आपली विहीर

साहित्य : एक विहीर, एक बाळू, एक बसस्टँड. डिक्शनरी नसली तरी अडत नाही.

प्रथम बाळूला विहिरीत सोडा. 'बाळू विहिरीत पोहतो.' 'बाळूनं विहिरीत उडी टाकली.' दोन्हीकडे 'विहिरीत'च. बाळू आधीपासून आत होता की काठावरून आत गेला, ते क्रियापदानं सांगायचं. 'त' प्रत्यय नुसता पाय सोडून बसलेला असतो. इंग्रजीत असा फुकटा कोणी नाही. पोहणं 'इन द वेल', उडी 'इंटू द वेल'. तेव्हा नियम असा : माणूस आहे तिथेच असेल तर इन, ऑन, अ‍ॅट, हलून दुसरीकडे जाणार असेल तर इंटू, ऑन्टू, टू. वहीत उतरवून घ्या. पेन्सिलनं.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना हे नवं नाही. 'ग्रामे वसति' सप्तमी, 'ग्रामं गच्छति' द्वितीया. जुन्या इंग्रजीतही असाच विभक्तीचा फरक होता. पुढे प्रत्यय झडले आणि त्यांचं ओझं या चिमुकल्या शब्दांच्या डोक्यावर आलं.

आता क्रियापदाला 'इंग' जोडून त्याचं नाम करा. 'वॉकिंग इन द गार्डन' म्हणजे बागेत फेऱ्या मारणं, 'वॉकिंग इंटू द गार्डन' म्हणजे फाटकातून आत शिरणं. जमलं? मग बाळूला तरणतलावावर न्या. तिथे पाटी आहे : 'नो जंपिंग इन द पूल'. आपल्या नियमानं याचा अर्थ, छातीएवढ्या पाण्यात उभं राहून उड्या मारू नयेत. काठावरून आत मारलेल्या उडीबद्दल पाटी गप्प आहे. बाळूनं हे जीवरक्षकाला समजावून सांगायला सुरुवात केली. त्यानं शिट्टी वाजवली. खुद्द इंग्रज बोलताना 'जंप इन' आतल्या उडीलाही म्हणतो आणि बाहेरून आत मारलेल्या उडीलाही. म्हणून तर पेन्सिल.

नामांचा कारभार आणखी तिरपागडा. 'व्हिजिट' क्रियापद असताना त्याला काही लागत नाही : 'आय व्हिजिटेड नाशिक'. तेच नाम झालं की 'टू' मागतं : 'माय व्हिजिट टू नाशिक'. 'एंटर'चं तसंच, स्वतः मोकळं, पण 'एंट्री' झाली की 'इंटू' हवं. 'रीच'ला तर काहीच चालत नाही, तरी 'रीच्ड टू ऑफिस' म्हटल्याशिवाय आपण ऑफिसात पोचत नाही. आणि 'अराइव्ह'! एवढा प्रवास करून येतं, तरी 'टू' नको म्हणतं. 'अराइव्ह्ड इन पुणे', 'अराइव्ह्ड अ‍ॅट द स्टेशन'. नाम झालं तरी हट्ट तोच : 'अरायव्हल इन पुणे'. माझी समजूत अशी की, इंग्रजाला त्यात वाट दिसत नाही, बॅग खाली ठेवलेला माणूस दिसतो.

'लुकिंग फॉरवर्ड टू'मधला 'टू' मात्र नीट बघून घ्या. तो वाट दाखवणाऱ्या 'टू'चाच भाऊ. त्याच्यापुढे नाम हवं, नाहीतर नाम झालेलं क्रियापद : 'टू मीटिंग यू'. मी नोकरीच्या पहिल्या अर्जात 'टू मीट यू' लिहिलं होतं. भेट झाली नाही. कारण तेच असेल असं नाही.

एवढ्यावर इंग्रजीला नावं ठेवायची असतील तर आधी बसस्टँडवर चला. मराठीत नामापुढे 'चा-ची-चे' लावलं की दिशा गायब. 'पुण्याची गाडी' पुण्याला चाललेली की पुण्याहून आलेली? इंग्रजाला निदान 'बस टू पुणे' किंवा 'बस फ्रॉम पुणे' म्हणून मोकळं होता येतं. आपल्या बाळूनं विचारलं, "पुण्याची गाडी का?"

"हो, पुण्याचीच," कंडक्टर म्हणाला.

बाळू चढला, खिडकी धरली, फुटाण्याची पुडी सोडली. गाडी तासाभरापूर्वी पुण्याहून आली होती आणि आता धुवायला डेपोत चालली होती.

स्वाध्याय : शेवटच्या वाक्यातल्या 'डेपोत'ला इन की इंटू, ते बाळू उतरायच्या आत सांगा.