खाली सही कोणाची?

आमच्या सातारा जिल्ह्यात मिलिटरी आपशिंगे नावाचं गाव आहे, त्यामुळे भूदल म्हणजे काय ते आमच्याकडच्या शेळ्यांनाही ठाऊक असतं. हवाई दलाचं तसं नाही. पोरगं हवाई दलात लागलं म्हणजे विमान चालवतं, यापुढे आमच्या भागाची कल्पनाशक्ती जात नाही. मी होतो इंजिन फिटर. म्हणजे ज्याच्या जिवावर विमान उडतं आणि जो स्वतः खाली उन्हात उभा राहतो, तो. लग्न ठरवताना आमच्या तात्यांनी ही बारीकशी बाब पाहुण्यांच्या कानावर घातली नाही. सासरेबुवांनी गावभर ‘जावई पायलट’ करून टाकलं. पुढे कित्येक वर्षं त्या गावावरून मुंबई-बंगळूरचं प्रवासी विमान गेलं, तरी म्हातारी माणसं मला म्हणून हात हलवायची.

प्रत्यक्षात मी बेळगावजवळ सांबऱ्याला कवायत शिकलो, चेन्नईजवळ तांबरमला इंजिन शिकलो आणि मग मिग-21 च्या पदरी पडलो. या विमानाचं इंजिन बाहेर काढायचं तर मागचं अर्धं विमान खोलून सरळ वेगळं करावं लागतं. रशियन माणूस गुंतागुंतीत पडत नाही. अडलं की तो विमानाचे दोन तुकडे करतो. इंजिन तपासायचं तर अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं, बिनखिशाची डांगरी चढवायची आणि काँप्रेसरच्या पात्यांच्या धारेवरून नख फिरवायचं. नख कुठे अडकलं की समजायचं, धावपट्टीवरचा एखादा खडा आत गेलाय. मग अडकलेली जागा मोजा, मर्यादेत असेल तर घासून गुळगुळीत करा, नसेल तर वर सांगा आणि पायलटच्या शिव्या खा. संध्याकाळी घरी जाताना अंगाला एटीएफचा वास. एटीएफ म्हणजे उच्चकुलीन रॉकेलच. आमची ही म्हणायची, “लढाईवरून नाही, रेशनच्या रांगेतून आल्यासारखे वाटता.”

पण इंजिनाची भीती आम्हाला कधी वाटली नाही. भीती वाटायची ती फॉर्म सातशेची. प्रत्येक विमानाची ही एक वही. काय काम केलं, कधी केलं, कुणी केलं, ते तिच्यात लिहायचं आणि खाली सही ठोकायची. फिटरच्या सहीवर सुपरवायझरची सही, आणि शिडी चढण्याआधी सगळ्यांच्या खाली पायलटची. अपघात झाला की विमानाचे तुकडे गोळा व्हायच्या आधी ही वही ताब्यात घेतात. त्यामुळे दहा वेळा हात पुसून, दोनदा काम पाहून, आणि कुलदैवताला मनातल्या मनात नारळ बोलून मगच आम्ही पेन हातात घ्यायचो.

दुसरी भीती पान्याची. अवजारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची त्याच्याच आकाराची सावली रंगवलेली असते. पाना उचलला की सावली उघडी पडते आणि सगळ्या हँगरला दिसते. संध्याकाळी दहा नंबरचा पाना जागेवर नसला तर विमान उडत नाही आणि माणसं घरी जात नाहीत. मग टॉर्च घेऊन सगळी पलटण विमानाच्या पोटात, नळ्यांमागे, गवतात. पाना सापडायचा तो बहुधा त्याच माणसाच्या मागच्या खिशात, जो सगळ्यात मोठ्याने ओरडत शोधत असायचा.

आमच्या वेळी एअरमनचा करार वीस वर्षांचा असायचा. विशीच्या आत भरती झालेला माणूस चाळिशीच्या आत पेन्शनर व्हायचा. मुदतवाढ मिळायची, पण पोरीची बदललेली शाळा कितवी ते तिलाच आठवेनासं झालं होतं, म्हणून मी थांबलो. मिग-21 मात्र थांबलं नाही. ते 1963 मध्ये माझ्या जन्माआधी रुजू झालं आणि मी बाहेर पडल्यावर, 26 सप्टेंबर 2025 ला, चंदीगडला समारंभाने निवृत्त झालं. त्याला बासष्ट वर्षं सांभाळलं, मला विसात नारळ. निघताना क्लिअरन्सचा कागद घेऊन स्टेशनभर फिरावं लागतं. मेस, जिमखाना, कपड्यांचं स्टोअर, सगळ्यांनी लिहून द्यायचं की या गृहस्थांकडे आमचं काही नाही. ग्रंथपालाने तर न बघता सही केली. माझ्याकडे कुठलं पुस्तक थकण्याची शक्यता नाही, हे त्याला चेहऱ्यावरून कळलं असावं.

आता सिव्हिल.

सरकारने आमची सोय बरी केली आहे. पंधरा वर्षं नोकरी केलेला मॅट्रिक माजी सैनिक गट ‘क’च्या पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचा धरतात. (“म्हणजे न शिकता बीए झालास,” तात्या म्हणाले.) सरकारी बँकांत कारकुनाच्या साडेचौदा टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव असतात. त्यामुळे आफ्टरबर्नरची नळी डोळे मिटून बसवणारे माझे निम्मे दोस्त आज पासबुकं छापतात. मला आधी याचं फार वाईट वाटायचं. एका मित्राच्या शाखेत गेलो तर गडी खुशीत. म्हणाला, “अरे, संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय इथं कुणाला घरी सोडत नाहीत. एकदम आपल्या पान्यांच्या फळीसारखं!” सिव्हिलमध्ये हिशेब जुळेपर्यंत थांबवणारी जागा म्हणजे बँकेची शाखा, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

मला मात्र विमानच हवं होतं. नागपूरला मिहानमध्ये बोइंगच्या मोठ्या विमानांची देखभाल होते, तिथे आपल्यासारख्याला पायघड्या घालतील असं वाटलं. तिथे पायघडी असते डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, लायसन्सची. कार-66 नावाचा नियम म्हणतो, आधी एकेक मॉड्यूलची परीक्षा द्या. लष्करातला अनुभव धरू, पण वर नागरी विमानावरचाही थोडा अनुभव आणा. म्हणजे बाबा, लढाऊ विमान ठीक आहे, पण ज्यात चहा मिळतो असं विमान कधी उघडलंय का? बरं, आमचे रशियन पाने मिलिमीटरचे, बोइंगचे इंचाचे. हाताला वीस वर्षांत लागलेली सवय एका फळीवरून दुसऱ्या फळीवर नेताना बोटं गोंधळतात.

या परीक्षांच्या क्लासमध्ये सगळी विशीतली पोरं. मला ‘अंकल’ म्हणायची आणि नोट्स मात्र माझ्याच घ्यायची. ह्युमन फॅक्टर्स नावाच्या मॉड्यूलमध्ये मेंटेनन्समध्ये माणूस का चुकतो याची ‘डर्टी डझन’ ही बारा कारणांची यादी शिकवतात: थकवा, घाई, गृहीत धरणं, वरिष्ठासमोर न बोलणं, वगैरे. पोरं पाठ करत होती. मी वाचताना प्रत्येक कारणापुढे आमच्या स्क्वाड्रनमधल्या एकेकाचा चेहरा येत होता. त्या मॉड्यूलमध्ये मी वर्गात पहिला आलो, त्यात माझं कर्तृत्व फारसं नाही.

लायसन्स होईतो घर चालवायला नोकरी पाहिजे, म्हणून मुलाखती सुरू केल्या. एका कंपनीतल्या एचआरच्या मुलीने विचारलं, “सर, नोटिस पिरियड किती?”

“वीस वर्षं,” मी म्हणालो. “रुजू झालो त्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.”

तिने ते लिहून घेतलं. मग सीटीसी किती ते विचारलं. मी पगारात क्वार्टर, रेशन, रेल्वे वॉरंट आणि कँटीनची बाटली धरून बेरीज करायला लागलो, तेव्हा तिने पाणी मागवलं. माझ्यासाठी की स्वतःसाठी, ते कळलं नाही. शेवटी म्हणाली, “तुमची एखादी मोठी अचीव्हमेंट?” आता आमच्या धंद्यात अचीव्हमेंट म्हणजे काही न होणं. विमान गेलं, विमान आलं. हे कागदावर कसं मांडायचं, ते निवृत्तीच्या वेळच्या रिसेटलमेंट कोर्समध्येही कुणी शिकवलं नव्हतं.

अखेर पुण्यात एका लिफ्टच्या कंपनीत सुपरवायझर म्हणून चिकटलो. सासरच्या गावी बातमी गेली की जावई अजून वरखाली करतात, फक्त आता सरळ रेषेत. यंत्र मला मनापासून आवडलं. लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगने घट्ट बसलेला असतो आणि वीज आली तरच उघडतो. म्हणजे वीज गेली की लिफ्ट थांबणार, पडणार नाही. वेग प्रमाणाबाहेर गेला तर गव्हर्नर ओढतो आणि खालच्या पाचरी रुळांना चावा घेतात. एलिशा ओटिसने 1854 मध्ये न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः वर उभं राहून दोर कापायला लावला होता तो अशाच एका पकडीच्या भरवशावर. बिघाड होणारच असं धरून यंत्र बनवणारी माणसं मला आमच्याच जातकुळीतली वाटतात.

अडचण यंत्रात नव्हती, वहीत होती. पहिल्याच आठवड्यात एका सोसायटीच्या मशीनरूममध्ये गेलो तर देखभालीच्या कार्डावर ‘ब्रेक तपासला, दोर तपासले, गव्हर्नर तपासला’ आणि खाली सही. छान. फक्त तारीख पुढच्या महिन्याची. आमच्या कंपनीचं मेकॅनिक पोरगं चहाच्या टपरीवर बसून सबंध तिमाही उरकून मोकळं झालं होतं. ब्रेकच्या अस्तरावर तेलाचा हा ओघळ! वर मोटारीच्या चौथऱ्यावर एक चौदाचा पाना पडलेला, त्यावर धूळ इतकी की सावली काढायची गरज नव्हती.

मी ओरडलो तसं पोरगं म्हणालं, “सर, हे काय विमान आहे का?”

“विमान असतं तर मी गप्प बसलो असतो,” मी म्हणालो. “पायलटला इजेक्शन सीट असते. दहाव्या मजल्यावरच्या आजी भाजीची पिशवी घेऊन कुठून उडी मारणार?”

पोरगं हसलं, मग अस्तर बदलायला लागलं. पाना अठरा महिन्यांपूर्वी दुसऱ्याच एकाने हरवला होता आणि त्याच्या जागी नवा घेतला होता, बिलासकट. कंपनीच्या साहेबांना मी सावलीची फळी सुचवली. ते म्हणाले, “पाने स्वस्त असतात हो.” मी आमच्या गोदामात फळी रंगवली, माझ्या खर्चाने. आता संध्याकाळी मोजणी झाल्याशिवाय कुणी घरी जात नाही, आणि माझी लोकप्रियता स्क्वाड्रनमधल्या पातळीवर आली आहे.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. तुमच्या सोसायटीच्या लिफ्टचं देखभालीचं कार्ड सेक्रेटरींकडे मागा. खाली सही कोणाची, ते बघा. आणि सहीवर उद्याची तारीख असली, तर जिना कुठल्या बाजूला आहे तेही विचारून ठेवा.