पंचम वर्ज्य

तंबोऱ्यावर बसणं हे संगीतातलं सर्वांत सोपं काम आहे, असं माझं प्रामाणिक मत होतं. चार तारा. मधल्या बोटानं पहिली छेडायची, तर्जनीनं उरलेल्या तीन, की पुन्हा पहिली. गळा नको, रियाज नको, तालाची भानगड नको. बसायला जागा मात्र थेट गवयाच्या मागे, फोटोत हमखास येईल अशी. तिकीट काढून खांबाआड बसणाऱ्या माणसाला याहून जास्त काय हवं?

हे भाग्य माझ्या वाट्याला आलं ते माझ्या विद्वत्तेमुळे. आमच्या गावच्या संगीत मंडळात मी राग ओळखणारा म्हणून प्रसिद्ध आहे आणि ही कीर्ती मी सर्वस्वी सिनेमाच्या जोरावर कमावलेली आहे. गवयानं आलाप सुरू केला की मी डोळे मिटतो आणि डोक्यातल्या डोक्यात विविध भारती लावतो. ‘सरस्वतीचंद्र’मधला मुकेश ऐकू आला की यमन. ‘मेरा साया’मधली लता आली की भीमपलास. ‘मेरा नाम जोकर’मधला मुकेश विव्हळू लागला की शिवरंजनी. मग शेजाऱ्याच्या कानात रागाचं नाव सांगायचं, पण अशा बेतानं की ते पुढच्या दोन रांगांनाही ऐकू जावं.

या पद्धतीत खाचखळगे आहेत, नाही असं नाही. ‘भाभी की चूडियाँ’ (1961) या चित्रपटात सुधीर फडक्यांनी लताबाईंकडून गाऊन घेतलेलं ते पहाटेचं गाणं घ्या. मंडळात त्यावरून एकदा जुंपली. मी म्हणालो भूप, शेजारचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले देशकार. दोन्ही रागांचे पाच स्वर तेच. पण भूपात गंधाराचं राज्य, देशकारात धैवताचं. गंधार कुठला आणि धैवत कुठला हे मला विचारलं असतं तर पंचाईत होती. पण कुणी विचारलं नाही आणि आवाज माझा मोठा होता, त्यामुळे भूप ठरला.

तर कोजागरीच्या मैफलीला धारवाडकडचे एक बुवा येणार होते. त्यांचा एक शिष्य सोबत होता, दुसरा तापानं झोपलेला. तंबोरे दोन, हात एकाचे. सेक्रेटरी माझ्या घरी आले आणि म्हणाले, “साहेब, गाण्यातलं तुमच्याइतकं कळणारं गावात दुसरं कोण आहे?”

मी होकार दिला. चहाचे कप उचलता उचलता बायको म्हणाली, “अहो, नळ ठिबकतोय की बंद झालाय, एवढंसुद्धा तुम्हाला ऐकू येत नाही. नाही म्हणून सांगा त्यांना.”

‘बसंत बहार’च्या (1956) वेळची गोष्ट चित्रपटसंगीताच्या भक्तांना ठाऊक असते. भीमसेन जोशींबरोबर गायचंय, आणि पडद्यावर त्यांना हरवायचंसुद्धा आहे, हे कळल्यावर मन्ना डे एवढे धास्तावले की मुंबई सोडून चार दिवस कुठंतरी निघून जावं असं त्यांना वाटलं. त्यांच्या पत्नीनं धीर दिला म्हणून ते गायले. आमच्याकडे सगळं उलटं. पळून जावं असं मला एकदाही वाटलं नाही. बायको मात्र बॅग भरून द्यायला तयार होती.

मंडळाचा तंबोरा मिरजेचा. हे सांगताना आमची मान आपोआप ताठ होते. मिरजेतली शिकलगार मंडळी मूळची हत्यारं घडवणारी. एकोणिसाव्या शतकात ती वाद्यांकडे वळली आणि सतारमेकर झाली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे तिथं येतात आणि तंबोरे होऊन गवयांच्या खांद्याला टेकतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले आणि 1937 साली मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. अशा गावी मंडळाचा तंबोरा जवारी काढायला घेऊन जाण्याचा मान मलाच मिळाला.

म्हातारे कारागीर तारांखालची घोडी मांडीवर घेऊन बसले. थोडी घासायची, तार चढवायची, कान लावायचा, तार उतरवायची, पुन्हा थोडी घासायची. असं दुपारभर चाललं होतं. मी तेवढ्यात त्यांच्या नातवाला ‘बैजू बावरा’ची (1952) माहिती देत होतो. त्यातल्या तानसेन आणि बैजूच्या सामन्यात तानसेनासाठी अमीर खाँ गायले, बैजूसाठी द. वि. पलुसकर, संगीत नौशाद यांचं, वगैरे. नातू मोबाइलमध्ये बघून मान हलवत होता. निघताना म्हातारबाबा म्हणाले, “साहेब, दोऱ्याला तेवढा हात लावू नका.” कुठला दोरा, हे विचारायला मी थांबलो नाही, कारण तेव्हा मी पलुसकरांच्या गळ्याविषयी बोलत होतो.

मैफलीच्या संध्याकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. नवा झब्बा घातला होता. तंबोऱ्यावर धूळ नको म्हणून फडक्यानं दांडी पुसली, भोपळा पुसला, तबली पुसली. घोडीपाशी आलो तर प्रत्येक तारेखाली एक बारीकसा दोरा अडकलेला! मिरजेच्या कारागिराकडून असा गबाळेपणा व्हावा याचं मला वाईट वाटलं. चारही दोरे मी नखानं अलगद काढले आणि फुंकून दिले.

त्या दोऱ्यांत काय होतं हे मला नंतर समजलं. घोडीचा माथा किंचित गोलसर असतो; तार तिथं टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि त्या टेकण्याची नेमकी जागा हा दोरा ठरवतो. तो बरोबर बसला की एका तारेतून उपस्वरांचं मोहोळ उठतं. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली तंबोरा आणि वीणेवर एक निबंध लिहिला होता. तार जिथं छेडली तिथं नियमाप्रमाणे जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही या वाद्यांत स्पष्ट उमटतात, असं त्यांच्या ध्यानात आलं होतं. भौतिकशास्त्राच्या नियमाला वाकुल्या दाखवणारं ते वाद्य मी दोन मिनिटांत नियमानुसार वागायला लावलं होतं.

शिष्यानं तार छेडली. टण्. पुन्हा छेडली. टण्. त्यानं वाकून घोडी पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. “दोरे कुठायत, काका?”

मी स्वच्छतेचं महत्त्व सांगायला सुरुवात केली होती, पण पोराला वेळ नव्हता. त्यानं माझा उजवा हात धरला, झब्ब्याच्या बाहीच्या शिवणीतून सर्रकन लांबलचक दोरा ओढला, दातानं तोडून त्याचे चार तुकडे केले आणि एकेक तारेखाली सरकवला. तंबोरा पुन्हा बोलू लागला. बाही मात्र काखेपासून कोपरापर्यंत उघडी पडली आणि त्या रात्रीच्या प्रत्येक फोटोत ती तशीच आहे.

बुवांनी यमन सुरू केला. विलंबित एकतालात माझं उत्तम चाललं होतं. समोर पहिल्या रांगेत हेडमास्तर बसले होते, त्यांना दिसेल अशा बेतानं मी मधूनमधून मान डोलवत होतो. मुकेश झाला, मग ‘स्वयंवरा’तली भास्करबुवा बखल्यांची चाल आठवली, मग आणखी काही. यमनमध्ये सिनेमावाल्यांनी काही बाकी ठेवलेलं नाही. इतक्यात द्रुत तीनताल सुरू झाला, तबलजीनं लय वाढवली आणि माझी बोटंही त्याच्याबरोबर धावू लागली. मला वाटलं, रंग भरतोय.

तंबोरा तबल्याच्या लयीला बांधायचा नसतो. पुढं विलंबित असो की द्रुत, मागच्या तारांनी आपल्या संथ गतीनंच फिरत राहायचं. गवई कितीही पळाला तरी परत येऊन टेकायला त्याला ती एकच जागा. हे कुणी मला सांगितलं नव्हतं. अर्थात सांगितलं असतं तरी मी तेव्हा बोलत असतो. बुवांनी तान घेता घेता डावा हात मागे आणला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. मला वाटलं, शाबासकी. मी आणखी जोरात सुटलो. तेव्हा त्यांनी गुडघा दाबला. तो दोन दिवस दुखत होता.

मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत मला लोकांनी घेरलं. निदान मी त्यांना घेरलं. यमन आणि यमनकल्याण यांतला फरक मी त्यांना सिनेमाच्या आधारे समजावून देत होतो. तिकडे विंगेत बुवा आणि शिष्य दोन्ही तंबोरे नव्यानं लावत होते, हे मी पाहिलं नाही. परत आलो तेव्हा स्टेजवर कुणी नव्हतं. जबाबदार माणूस म्हणून मी मोबाइलवरचं सूर दाखवणारं अ‍ॅप उघडलं. बुवांची पट्टी काळी एक, म्हणजे पहिली तार पंचमात, जी शार्प. हे सकाळीच कागदावर लिहून घेतलं होतं. तार छेडली तर अ‍ॅप दाखवतंय एफ शार्प! तार उतरली की! मी खुंटी पिळली आणि पंचम काट्यावर आणून ठेवला.

पडदा उघडला. बुवांनी डोळे मिटले. तीन-चार स्वर लागले असतील नसतील, माझ्या डोक्यात ‘बैजू बावरा’तलं रफीचं हरिदर्शनाचं भजन सुरू झालं. मालकंस! सभागृहात सर्वांत आधी मी ओळखला, याची मला आजही खात्री आहे. मी हेडमास्तरांकडे पाहून ओठांनी नुसतं “मा-ल-कं-स” केलं आणि चारही तारा अभिमानानं छेडल्या.

मालकंसात पंचम वर्ज्य आहे. संगीताच्या पहिल्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांनासुद्धा हे पाठ असतं. म्हणून त्या रागाला तंबोऱ्याची पहिली तार पंचमातून उतरवून मध्यमात आणतात. पूरिया किंवा मारवा असेल तर ती निषादात ठेवतात. शिष्याचा तंबोरा मध्यम म्हणत होता, माझा पंचम. बुवा षड्जावर उभे राहून आधी डावीकडे वळले, मग उजवीकडे. मग पूर्ण मागे वळून ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मी त्यांना हसून दाद दिली.

त्यांनी माझ्या मांडीवरचा तंबोरा उचलला, तसाच गात गात उलटा धरला आणि खुंटी फिरवू लागले. तार कण्हत पंचमातून खाली आली. मध्यम लागला तेव्हा पहिल्या रांगेतून “वा, क्या बात है!” आलं. हेडमास्तरांचाच आवाज. 1971 साली न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी झालेल्या कार्यक्रमात रविशंकरांच्या नुसत्या सूर जुळवण्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांनी हसून, मग वाजवणं याहून जास्त आवडेल अशी आशा आहे, असं म्हटलं, ही हकीकत प्रसिद्धच आहे. आमच्या बुवांना काही बोलायला उसंत नव्हती. त्यांनी तंबोरा परत दिला तो मला नाही, दुसऱ्या बाजूला बसलेल्या शिष्याला. पोरानं दोन मांड्यांवर दोन तंबोरे घेतले. मी भैरवीपर्यंत रिकाम्या हातांनी, फाटकी बाही दाबून, फोटोत येत राहिलो.

निघताना मी बुवांच्या पाया पडलो. ते म्हणाले, “साहेब, तुमचं ऐकणं पुष्कळ आहे.” मी हे सेक्रेटरींना सांगितलं, घरी सांगितलं. बायको म्हणाली, “अजून काही म्हणाले का?” बुवा आणखीही म्हणाले होते, पण ते कानडीत.

पुढच्या सभेत मंडळानं विजेवर चालणारा तंबोरा विकत घ्यायचं ठरवलं. बटण दाबलं की सुरू, पंचम-मध्यमाची सोय आत, दोऱ्याची भानगड नाही. ते बटण दाबण्याचं काम हेडमास्तरांकडे सोपवण्यात आलं आहे. मिरजेचा तंबोरा गवसणीत आहे आणि बुवांनी पुन्हा येण्यासाठी अट घातली आहे की मागे खराच तंबोरा हवा. तेव्हा आसपास कुणी थोडं कमी बोलणारा माणूस असेल, तर त्यानं सेक्रेटरींकडे नाव द्यावं. झब्बा मंडळाकडून मिळेल. सिनेमाची गाणी पाठ असण्याची अट नाही; असलीच तर मुलाखतीत सांगू नये.